गोवा, व्हाया शहागड

७ मे १९८८, शनिवार. दुपारी

आयुष्य बदललं. आज, अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणून ही वही.

डिटेल लिहून ठेवलेले बरे. शिवकन्येला (पत्नी) घेऊन अंबडला गेल्तो. तिला ब्लाउजचं अस्तर पाहिजे होतं, मला बियाण्याच्या एजंटला भेटायचं होतं. वडीगोद्रीला हायवेवर आबांचं (वडील) बी-बियाण्याचं दुकान आहे. मी बी.ए. असूनही तिथंच बसतो. तर शिवकन्येला पिशव्यांसकट एसटी स्टँडवर सावलीत बसवलं. दहा मिनिटांत आलो म्हणालो. रस्त्यात लालमियाँ भेटला. आमच्या दुकानाला लागूनच त्याचं पंक्चर-वेल्डिंगचं दुकान आहे. फटफटीवर वेल्डिंगच्या काड्या न्यायला आल्ता. आम्ही उभे होतो तिथंच व्हिडिओ सेंटरचा बोर्ड होता. इंग्लिश पिक्चर. बोर्डावर मोटरसायकल काढलेली. दोघं शेडमध्ये शिरलो.

काय पिक्चर! दोन माणसं. केस मानेपर्यंत. गाडीचं हँडल इतकं उंच की हात खांद्याच्या वर. नुसते चालले आहेत. घर न्हाई, दुकान न्हाई, उन्हाळी कापूस न्हाई. वाटेल तिथं झोपायचं, वाटेल तिथं खायचं. कुणी विचारत न्हाई की कुठं चाललास, कधी येणार, येताना मीठ आण. मी लालमियाँला सगळं मराठीत समजावून सांगत होतो. थोडं माझ्या मनानं सांगितलं, पण भावार्थ बराबर होता.

शेवट यायच्या आधी लाइट गेली. फिकीर न्हाई. भावना पोचल्या.

बाहेर आलो तर डोकं जाग्यावर न्हाई. लालमियाँच्या मागं बसलो, दोन्ही हात सोडले आणि वडीगोद्रीपर्यंत ओरडत आलो. मेंढरं बुजली. फ्रीडम!

दारात माय उभी. म्हणाली, सून कुठंय?

तीच तारीख. दिवे लागायच्या वेळी

परत अंबडला जाऊन आलो. स्टँडवर न्हाई. कंट्रोलर म्हणाला, हिरव्या पातळाची बाई लई वेळ बसली होती, मंग शहागडच्या गाडीत चढली.

शहागड म्हणजे तिचं माहेर. शहागडची गाडी वडीगोद्रीवरूनच जाते. म्हणजे आमच्या दुकानावरून गेली आणि ती उतरली न्हाई.

विचार करण्यासारखं आहे. एकाच दिवशी, एकाच गावात, नवरा-बायको दोघांना फ्रीडमचं महत्त्व पटलं. असं जोडपं मराठवाड्यात दुसरं नसेल.

८ मे, रविवार

आबा म्हणाले, सकाळच्या गाडीनं शहागडला जा, सासऱ्याच्या पाया पड आणि पोरीला घेऊन ये. मी शांतपणे सांगितलं की मोकळा माणूस कुणाला बांधत न्हाई आणि बांधून आणतही न्हाई. आबा खाली वाकले. मला वाटलं विचार करून राह्यले. ते चप्पल शोधत होते.

दुकानात बसलो. कुणाच्या दबावाखाली न्हाई, स्वतःच्या मर्जीनं.

आजपासून केस वाढवणार.

१० मे, मंगळवार

प्लॅन पक्का. गोवा! समुद्र! मी समुद्र पाहिलेला न्हाई. लालमियाँनंही न्हाई. तो म्हणाला, अजमेर चलते भाई, वहाँ मन्नत भी है. मी म्हणालो, अजमेरला समुद्र न्हाई. तो म्हणाला, समुद्र में जाके करेंगे क्या? मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पिक्चर बघूनसुद्धा माणूस असं विचारू शकतो. पण सोबतीला दुसरा कोणी न्हाई, आणि गाडी आपली आहे. म्हणजे त्याच्या नावावर आहे.

शाळेतला जुना नकाशा काढला. वडीगोद्री, शहागड, गेवराई, बीड, सोलापूर, मंग खाली. शहागड मधे येतं. त्याला माझा इलाज न्हाई. हायवे मी बांधलेला न्हाई.

१३ मे, शुक्रवार

केस कानावर आलेत असं वाटतं. माय म्हणाली काहीच फरक न्हाई, आणि वाटीभर तेल थापलं. पिक्चरातल्या लोकांना आई नव्हती हे आज लक्षात आलं.

जाकिटाचा प्रश्न. पिक्चरात झालरीचं जाकीट होतं, हवेत झालर उडायची. माझ्याकडं सफारी आहे, लग्नातली. झालर कुठून आणावी? सापडली. पोळ्याची बैलांची झूल माळ्यावर होती, तिला लाल-पिवळे गोंडे आहेत. पाठीवर आणि बाह्यांना शिवून घेतले. आरशात बघितलं. पर्सनॅलिटी!

शिवणाचं काम लालमियाँच्या बायकोनं, कमरबीनं केलं. सारखी हसून राह्यली होती. टाके वाकडे आलेत.

१६ मे, सोमवार

धोंड्याचा महिना लागला. मी असल्या गोष्टी मानत न्हाई, तरी नोंद. तीन वर्षांनी जादाचा महिना येतो. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारश्याचं वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे जावयाची मोठीच ऐश. आमचा हा पहिलाच.

समोरच्या घरचा जावई सकाळीच आला. पांढरे कपडे, अत्तर, चालत होता असा जसा आमदार. मला कीव आली. दोन पुरणासाठी माणूस स्वातंत्र्य विकतो.

शहागडहून सांगावा आला न्हाई. आज पहिलाच दिवस आहे. आलाच तर स्पष्ट नकार देणार.

१८ मे, बुधवार

हँडल झालं! बोअरचा जीआय पाइप दुकानामागं पडून होता. लालमियाँनं तापवून वाकवला आणि वेल्डिंग मारलं. मी कानापर्यंत सांगितलं होतं, त्यानं त्याच्या कानाचं माप धरलं, उभं राहून. आता हात डोक्याच्या वर जातात. क्लचची वायर पुरली न्हाई म्हणून जोड दिला. पुढच्या ब्रेकची काही केल्या पुरेना, म्हणून पुढचा ब्रेक रद्द केला. फ्रीडमला इतके ब्रेक कशाला? हॉर्न खालीच राहिला. वळणावर मी तोंडानं ओरडतो.

ट्रायल घेतली, फाट्यापर्यंत. मी पुढं, कॅप्टन म्हणून. लालमियाँ मागं. मेच्या उन्हात बगलेला जी हवा लागते, ती एकदा ज्यानं घेतली त्याला कळेल. हात थोडे बधिर होतात. जेवताना घास नाकाला लागला. सवय होईल.

२१ मे, शनिवार

सांगावा न्हाई.

शहागडच्या गंगेतून (गोदावरी) वाळूचे ट्रक येतात. एका ड्रायव्हरला चहा पाजला आणि सहज विचारलं, की शहागडला काय हालहवाल, स्टँडमागं कडूबा (सासरे) राहतात त्यांच्याकडं सगळे बरे ना. तो म्हणाला, बरे आहेत, पण तू परवाही विचारलं, त्याच्या आदल्या दिवशीही विचारलं, तुझं पेशंट आहे का तिथं?

ट्रक ड्रायव्हर लोकांना मोकळेपणानं बोलता येत न्हाई.

२३ मे, सोमवार

काल उघड्यावर झोपायची प्रॅक्टिस. आमच्याच शेतात, बांधावर. लालमियाँ दोन गोधड्या, उशी, पाण्याचा जार आणि पोटाच्या गोळ्या घेऊन आला. मी म्हणालो, हे काय? तो म्हणाला, कमरबीनं दिलं. पिक्चरात असं काही नव्हतं.

झोप चांगली लागली, लागली तेव्हा. डासांनी डोळा सुजवला. गोधड्यांवर कुत्रं झोपलं होतं, आम्ही खाली. सकाळी कमरबी गोधड्या न्यायला आली. लालमियाँ तिच्याच मागं निघून गेला, चहा प्यायला. मला एकट्याला तत्त्व सांभाळावं लागतं.

२५ मे, बुधवार

फालतू बातमी. लालमियाँला अंबडचा कुणी टेलर भेटला. त्यानं तो पिक्चर लाइट असताना पाहिला. म्हणाला, शेवटी दोघांनाही गोळ्या घालतात, रस्त्यातच, कारण-बिरण काही न्हाई. लालमियाँचं तोंड उतरलं. म्हणाला, भाई, अजमेर में ऐसा नहीं होता.

मी त्याला समजावलं, की तो टेलर वेगळ्या पिक्चरचं बोलून राह्यला असेल. शेवटी ते समुद्रावर जातात. मला पक्कं माहीत आहे. माहीत म्हणजे, लाइट नसती गेली तर मी पाहिलंच असतं.

सांगावा न्हाई. बरंच झालं. माणसानं अशा वेळी कुणाच्या पुरणात अडकू नये.

२८ मे, शनिवार

वाळूवाला ड्रायव्हर आपणहून थांबला. म्हणाला, तुझं पेशंट दिसलं. कडूबाची लेक शहागडच्या स्टँडवर उभी होती, हातात कागदांची फाइल, दोन-तीन बायांसोबत. लई हसत होती.

हसत होती? कशाला? लांबून त्याला नीट दिसलं नसेल. एखादी बाई रडतानाही तशी दिसते.

गिऱ्हाइकाला कपाशीऐवजी मक्याचं बी दिलं. तो परत आला, आबांसमोर. आबांनी विचारलं, तुझं लक्ष कुठं असतं? मी म्हणालो, गोव्यात. खोटं कशाला बोला. दिवसभर शहागडच आठवून राह्यलं होतं, पण ते नकाशामुळं.

३० मे, सोमवार

गुरुवारी निघायचं. मृग तोंडावर आला. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. आबा म्हणतात, आत्ता गेलास तर परत दुकानाची पायरी चढू नको. मी म्हणालो, हेच तर मला पाहिजे.

मायनं पिशवी भरून दिली. भाकरी, ठेचा, आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी. एवढं लोणचं कशाला? म्हणाली, तुझ्यासाठी न्हाई, शिवकन्येसाठी आहे, तिला माझ्या हातचं आवडतं, रस्त्यातच तर आहे. मी सांगितलं, माझी गाडी शहागडला थांबणार न्हाई. म्हणाली, मंग चालत्या गाडीवरून झेलायला दे.

माय पदर डोळ्याला लावत होती. कांद्यामुळं असेल. पण घरात कांदा कापलेला न्हवता.

२ जून, गुरुवार. सकाळी

आज!

सफारी, झालर, गॉगल. मायनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी म्हणालो, फ्रीडमला लिंबू लागत न्हाई. लालमियाँ म्हणाला, राहू दे, खर्चा न्हाई त्याला. झूल उसवलेली मायला आत्ता दिसली. आता पोळ्याला बैलांनी काय घालायचं, असं ती विचारत असतानाच मी किक मारली.

आबा दुकानातून बाहेर आले न्हाईत.

२ जून. दुपारी, शहागड, पुलाजवळ

काय राइड! हायवे मोकळा, हवा गरम, गोंडे फडफडत. हात वर. लालमियाँ मागून गझला म्हणत होता. रस्त्यावरची माणसं उभं राहून बघतात. एका म्हाताऱ्यानं नमस्कार केला. लोकांना काहीतरी पाहिजे आहे, ते त्यांना माझ्यात दिसून राह्यलं.

कळस म्हणजे, अर्ध्या वाटेत समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला तो दाबलाच. खिडक्यांतून माणसं बाहेर. एक बाई तर अर्धी खिडकीतून बाहेर आली, पदर हलवून ओरडायला लागली. सगळी बस माझ्या नावानं! मी पिक्चरातल्यासारखा एक हात सोडून सलाम ठोकला. गाडी थोडी शेतात गेली. पण सलाम झाला.

लालमियाँ म्हणाला, भाई, वो भाभी तो नहीं थी? मी म्हणालो, शिवकन्या चारचौघांत पदर हलवणारी बाई न्हाई. पब्लिक होतं ते. पब्लिक सपोर्ट.

शहागड आलं. थांबलो न्हाई! सरळ गंगेच्या पुलापर्यंत. धोंड्याच्या आंघोळीची गर्दी. आता इथं झाडाखाली पाच मिनिटं, कारण गाडीचा आवाज वेगळा वाटला. गावातून एक चक्कर मारून आवाज तपासावा लागेल.

तीच तारीख, तेच झाड

तीन चकरा झाल्या. स्टँडमागच्या गल्लीत आवाज जास्त नीट ऐकू येतो, भिंतीमुळं. कुणी बाहेर आलं न्हाई. लालमियाँ म्हणाला, आवाज ठीक है, आगे चलते. मी म्हणालो, मशीनचा भरवसा न्हाई, अजून एक चक्कर.

२ जून. घरी

चौथ्या चकरेला सासरे, कडूबा, रस्त्याच्या मधोमध उभे. दोन्ही हात पसरून. मागचा ब्रेक एकटाच असल्यामुळं गाडी त्यांच्या धोतराला लागून थांबली. म्हणाले, जावाईबापू, धोंड्याच्या महिन्यात जावई दारावरून चकरा मारतो आणि आत येत न्हाई, गाव काय म्हणंल? उतरा. मी नकार देणार होतो. पण हात बधिर झाले होते, हँडल सुटेना. दोघांनी धरून उतरवलं.

पाय धुवायला पाणी आलं. सासूबाई, उषाबाई, म्हणाल्या, आम्ही रोज वाट बघून राह्यलो, तुम्ही लेकीला न्यायला याल, मंग जोडीनं जेवायला सांगू. तुमचा पत्ता न्हाई. मी म्हणालो, मी सांगाव्याची वाट बघत होतो. म्हणजे, बघत न्हवतो. सासूबाई हसल्या.

शिवकन्या कुठं दिसेना. मी विचारलं न्हाई. लालमियाँनं विचारलं.

ती वडीगोद्रीला गेली! सकाळच्या एसटीनं. तुमच्याकडंच गेली की, सासूबाई म्हणाल्या, वाटेत बस दिसली न्हाई का?

मी लोणच्याची बरणी हातात घेऊन बसलो होतो. तशीच धरून राह्यलो.

पुढं अजून. आमरस केला होता. वास घरभर. पण या घरची रीत अशी, की पहिल्या धोंड्याला जावयानं लेकीला सोडून घास घ्यायचा न्हाई, वाण जोडीचंच असतं. म्हणून मला चहा. लालमियाँ जावई न्हाई, पाहुणा. त्याला रीत लागू न्हाई. तो तीन वाट्या आमरस प्याला, माझ्यासमोर, आणि प्रत्येक वाटीला वाह म्हणाला.

गोवा प्रोग्राम काही तांत्रिक कारणानं पुढं ढकलला. परत फिरलो.

वडीगोद्रीला आलो तर दुकानात ही गर्दी. आणि गल्ल्यावर शिवकन्या! पदर खोचून कपाशीचं बी देऊन राह्यली होती. शेजारी आबा निवांत चहा पीत बसलेले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं न्हाई. म्हणजे माझ्यावर तर कधीच न्हाई.

ती मला बघून उठली न्हाई. म्हणाली, बसमधून किती हाका मारल्या. ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला. तुम्ही आपले हात वर करून चाललात. मला वाटलं कुणी बंदूक लावली का काय मागून.

गिऱ्हाइकं हसली. आबाही.

मी आवाज खाली घेऊन सांगितलं, तुलाच न्यायला निघालो होतो. तिनं गाडीकडं बघितलं. दोन गोधड्या, स्टोव्ह, पाण्याचा जार, आणि मागच्या सीटवर लालमियाँ. म्हणाली, मला कुठं बसवणार होते?

लालमियाँला एकदम एक पंक्चर आठवलं. तो गेला.

इतके दिवस वहीत एवढा प्लॅन लिहिला, पोटाच्या गोळ्यासुद्धा लिहिल्या, पण तिला समुद्र बघायचा आहे का, हे मी विचारलंच न्हवतं. पाणी पिऊन आलो. मंग कपाशीच्या पिशव्या उचलून द्यायला लागलो.

३ जून, शुक्रवार

तर ती राहायला आलेलीच न्हाई! मॅट्रिकचं सर्टिफिकेट न्यायला आली. बालवाडीच्या बायांसाठी एका संस्थेचं शिबिर आहे, दिवाळीच्या आधी संपेल. तिची निवड झाली. ती फाइल त्याचीच. माय-आबांना सांगितलं, ते हो म्हणाले. शिबिर झाल्यावर वडीगोद्रीत बालवाडी काढणार, आमच्याच दुकानाशेजारच्या खोलीत, आबांनी खोली देऊनही टाकली.

मी म्हणालो, मला कुणी विचारलं न्हाई. ती म्हणाली, तुम्ही घरी न्हवते.

शिबिर कुठं आहे ते विचारलं. डहाणूला. मी म्हणालो, हे कुठं आलं? ती म्हणाली, समुद्रावर.

मी वही मिटली होती. परत उघडून लिहितो. समुद्रावर!

५ जून, रविवार

धोंडा झाला. दोघं शहागडला गेलो, एसटीनं. मी गाडीचा विषय काढला तेव्हा शिवकन्या म्हणाली, हात वर करून मला माहेरी जायचं न्हाई.

बसमध्ये विचारलं, शिबिराचं तुला कळलं कुठून? खिडकीकडं बघत म्हणाली, अंबडच्या स्टँडवर. दहा मिनिटांत येतो म्हणून तुम्ही गेलात. मी बसले. टाइमटेबल वाचलं, सगळ्या पाट्या वाचल्या, खरजेच्या मलमाची जाहिरात पत्त्यासकट वाचली, मंग भिंतीवर संस्थेचा कागद चिकटवलेला तो वाचला. खाली अंबडचाच पत्ता होता. तिथं जाऊन नाव दिलं आणि मंग गाडीत बसले.

म्हणजे मी वेळेवर आलो असतो तर तिनं तो कागद वाचला नसता. थोडं क्रेडिट माझंही आहे. हे मी तिला म्हणालो. तिनं मोठ्यानं हसून माझ्याकडं बघितलं, बऱ्याच दिवसांनी. म्हणून मी अजून एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा न्हाई हसली.

धोंडे खाल्ले. भरपूर. तत्त्व वेगळं, पुरण वेगळं. तेहतीस अनारसे, पितळेचा दिवा, आणि एक नवीकोरी सुटकेस. सुटकेस मी लगेच हातात घेतली, सासऱ्यांना म्हणालो, कशाला एवढा खर्चा, प्रवासाला उपयोग होईल. सासरे म्हणाले, होईल की. मंग माझ्या हातातून घेतली आणि लेकीला दिली.

अनारसे चांगले आहेत.

९ जून, गुरुवार

आबांना बोअरचा पाइप पाहिजे होता. हँडल कापलं. मायनं सफारीचे गोंडे उसवून झुलीला परत लावले. केस कापले. न्हावी म्हणाला, कापायला काही न्हाईच, पण बसा.

रोज दुकानात आहे. शिवकन्या शेजारी हिशोब लिहिते, मी पिशव्या उचलतो. दुपारी तिनं माझ्या ताटात ठेचा वाढला, न मागता. दोघांचं जेवण होईपर्यंत गिऱ्हाईक आलं न्हाई, हे एक बरं झालं.

१२ जून, रविवार

आज गेली. औरंगाबादच्या गाडीनं. फाट्यावर बाकीच्या बाया आधीच उभ्या होत्या, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. गाडीच्या इतकं आधी की चहावाला म्हणाला, काही चुकलं का?

विचारलं, परत येताना न्यायला येऊ का डहाणूला? ती म्हणाली, नको, माझी मी येईन, तेच बरंय. मंग म्हणाली, तुम्ही समुद्र पाहिलाय का? मी म्हणालो, न्हाई. म्हणाली, मी बघून सांगते.

लोणच्याची बरणी मायनं तिच्या पिशवीत टाकली होती. मी ती नीट उभी ठेवली, सांडू नये म्हणून. गाडी सुटली. तिनं खिडकीतून हात केला, मी केला. सगळ्या बाया हसत होत्या, तीही. गाडी वळेपर्यंत उभा होतो. रडू आलं. खरं लिहितो, इथं कोण वाचतंय.

परत येऊन दुकान उघडलं. कपाशीच्या अकरा पिशव्या एकट्याला उचलाव्या लागल्या.

संध्याकाळी लालमियाँ शेजारी येऊन बसला. म्हणाला, भाई, गोवा कब? मी म्हणालो, शिवकन्येला येऊ दे, तिला समुद्राचा रस्ता माहीत झालेला असेल, विचारून घेऊ. तो म्हणाला, आणि भाभी बोली मैं भी चलती, तो? गाडी पे तो दोघांचीच जागा.

मी खूप विचार केला. मंग स्पष्ट सांगून टाकलं, की लालमियाँ, वाईट वाटून घेऊ नको, पण मंग तुला इथंच राहावं लागेल. मी आणि शिवकन्या जाऊ.

लालमियाँनं माझा चहा उचलून पिऊन टाकला. म्हणाला, हौ, जाओ. लेकिन गाडी तो मेरी है.